संगणकातील फेरफारांची नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पंधरा दिवसांपूर्वी संगणकातील दडलेल्या सेटिंग्जवर एक लेख प्रसिद्ध झाला. विंडोजच्या नेहमीच्या पडद्यांवर न दिसणाऱ्या सेटिंग्ज बदलून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची त्यात ओळख करून दिली होती आणि शेवटी संगणक ‘सुसाट’ करण्यासाठी सात सूचना होत्या. मी मिरजेत गेली बावीस वर्षे संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. लेखानंतरच्या आठवड्यात दोन ग्राहक त्याचे कात्रण खिशात घालून दुकानात आले. पहिल्याला लेखात सांगितलेले सगळे करून हवे होते. दुसऱ्याने ते सगळे घरी स्वतःच केले होते आणि आता त्याला संगणक पहिल्यासारखा हवा होता. पहिल्याच्या कामाची कृती लेखात पायरीपायरीने दिलेली होती. दुसऱ्याच्या कामाबद्दल एक अक्षरही नव्हते. हे पत्र त्या दुसऱ्या ग्राहकामुळे लिहीत आहे.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडे मुळापासून सांगणे भाग आहे. विंडोज स्वतःच्या आणि संगणकात बसवलेल्या प्रोग्रॅमांच्या बहुतेक सेटिंग्ज ‘रजिस्ट्री’ नावाच्या एका मोठ्या दप्तरात ठेवते. रजिस्ट्री म्हटले की आपल्याकडे दुय्यम निबंधकाचे कार्यालय डोळ्यांसमोर येते, आणि ती आठवण अगदीच अस्थानी नाही. येथेही खाती आहेत, खात्यांत पोटखाती आहेत आणि प्रत्येक पोटखात्यात नाव व मूल्य अशा जोडीने नोंदी आहेत; काही संपूर्ण संगणकाला लागू होणाऱ्या, काही त्या त्या वापरकर्त्यापुरत्या. सेटिंग्जच्या पडद्यावर आपण एखादी खूण करतो तेव्हा बहुतेक वेळा आत यातलीच एखादी नोंद बदलते. परंतु विंडोज ज्या नोंदी वाचते त्या सगळ्यांसाठी पडद्यावर जागा ठेवलेली नाही. मेन्यूतील एखाद्या ओळीवर माऊस नेल्यानंतर तिचा उपमेन्यू किती वेळाने उघडावा, हे ‘मेन्यूशोडिले’ नावाची नोंद ठरवते आणि तिचे मूळ मूल्य ४०० मिलिसेकंद असते. ते बदलण्यासाठी कोणत्याही पडद्यावर पट्टी किंवा चौकोन नाही. एक तर रजिस्ट्री एडिटर उघडून हाताने आकडा बदलावा लागतो, नाही तर एखादा प्रोग्रॅम तो आपल्यासाठी बदलतो. लेखात ज्यांना ‘ट्वीकर’ म्हटले आहे ते हेच प्रोग्रॅम.

रजिस्ट्रीच्या आधीची व्यवस्था आठवणारे वाचक आता थोडेच असतील. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये बहुतेक सेटिंग्ज विन.आयएनआय, सिस्टिम.आयएनआय अशा साध्या मजकुराच्या फायलींत असत. त्या नोटपॅडमध्ये उघडता येत आणि डोळ्यांनी वाचता येत. त्यांत एक सोय अशी होती की ओळीच्या आरंभी अर्धविराम टाकला की ती ओळ रद्द होई, पण जागेवर दिसत राही. जाणकार माणूस जुन्या ओळीपुढे अर्धविराम टाकून खाली नवी ओळ लिही, म्हणजे आधी काय होते हे पुढच्या माणसाला आपोआप कळे. सातबाऱ्यावर कमी झालेले नाव कंसात जाते, तसाच हा प्रकार होता. विंडोज ९५ पासून सगळा कारभार रजिस्ट्रीत गेला. फायलींचा पसारा आवरला गेला, एकाच संगणकावर अनेक वापरकर्त्यांच्या सेटिंग्ज वेगळ्या ठेवणे सोपे झाले, कार्यालयांतील शेकडो संगणकांना एका ठिकाणाहून नियम लावता येऊ लागले. हे सगळे लाभ खरे आहेत. परंतु रजिस्ट्रीत टिपण लिहायला जागा नाही आणि कंसही नाही. नवे मूल्य लिहिले की जुने गेले. ते कोणी बदलले, का बदलले, आधी किती होते, याचा मागमूस राहत नाही. महसुली भाषेत सांगायचे तर या दप्तरात सातबारा आहे, पण गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, नाही. माझी संपूर्ण तक्रार या एका उणिवेभोवती आहे.

सेटिंग्ज दडवून ठेवण्यामागे दरवेळी कंपनीचा आडमुठेपणा असतो, असा सूर लेखात होता. तसे नेहमी नसते. पडद्यावर दिलेली प्रत्येक खूण ही निर्मात्याने दिलेली हमी असते. ती इतर सगळ्या खुणांबरोबर नीट चालते हे तपासावे लागते, तिचे अनेक भाषांत भाषांतर करावे लागते, पुढच्या आवृत्तीत ती सांभाळावी लागते आणि चुकून ती दाबून बसलेल्या ग्राहकाच्या दूरध्वनीला उत्तर द्यावे लागते. रजिस्ट्रीतील नोंदीला यातले काहीच बंधन नसते. काही नोंदी मोठ्या कार्यालयांच्या व्यवस्थापकांसाठी असतात, काही जुन्या प्रोग्रॅमांची अडचण दूर करण्यासाठी, तर काही निर्मात्यांच्या स्वतःच्या चाचणीसाठी असतात आणि तशाच राहून जातात. विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर, म्हणजे असे नियम पडद्यावरून लावण्याचे साधन, मिळत नाही, प्रो आवृत्तीत मिळतो, हा मात्र निव्वळ विक्रीचा हिशेब आहे आणि तेथे लेखकाशी मी सहमत आहे.

या प्रोग्रॅमांचा मूळपुरुष ‘ट्वीक यूआय’. विंडोज ९५ बाजारात आल्यानंतर मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्यांनी ‘पॉवरटॉइज’ नावाने काही छोटी साधने मोफत दिली, त्यांतले हे एक. मायक्रोसॉफ्टमधील अभियंते रेमंड चेन यांनी ते लिहिले. शॉर्टकटच्या चित्रावरचा बाण घालवणे, मेन्यूची गती ठरवणे, माऊस ज्या खिडकीवर नेला ती खिडकी आपोआप जागी करणे, असे बदल त्यातून करता येत. विंडोज ९८ च्या सीडीवरही ते होते. मात्र पॉवरटॉइजबाबत कंपनीची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट होती: ही साधने आमच्याच माणसांनी केली आहेत, परंतु त्यांच्यामुळे अडचण आली तर आमचा मदत विभाग जबाबदार नाही. एक्सपीनंतर ही मालिका थांबली आणि २०१९ मध्ये पॉवरटॉइज हे नाव खुल्या स्रोताच्या स्वरूपात परत आले, तेव्हा त्यात ट्वीक यूआयचा वारस नव्हता. ती रिकामी जागा बाहेरच्या लोकांनी भरली. सर्गेई त्काचेन्को यांचे ‘विनएरो ट्वीकर’ आणि ‘दि विंडोज क्लब’ या भारतीय संकेतस्थळाचे ‘अल्टिमेट विंडोज ट्वीकर’ ही त्यांतली दोन परिचित आणि मोफत नावे. दोन्ही मी स्वतः वापरतो.

दडलेली सेटिंग उघडणे म्हणजे केवळ हौस, असेही कोणी समजू नये. मराठी वाचकाला तर याचा अनुभव असायला हवा. विंडोज एक्सपीच्या काळात मराठी संकेतस्थळ उघडले की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे, जोडाक्षरांचे पाय मोडत आणि लोक संकेतस्थळालाच दोष देत. देवनागरी नीट मांडण्याची व्यवस्था विंडोजकडे होती, परंतु ती बसवण्यासाठी ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन, भाषांच्या पानावर, गुंतागुंतीच्या लिपींसाठीच्या फायली बसवण्याच्या चौकोनात खूण करावी लागे आणि मग विंडोजची सीडी घालावी लागे. हा चौकोन मुळात रिकामा असे आणि त्याच्या शेजारचा मजकूर वाचून तो मराठीसाठी आहे असे कोणाच्याही लक्षात येत नसे. त्या काळात मी या एका खुणेसाठी किती घरी गेलो असेन याची गणती नाही. पैसे घ्यायला संकोच वाटे, कारण काम दोन मिनिटांचे असे; सीडी शोधण्यात मात्र यजमानांचा अर्धा तास जाई.

दुसरे उदाहरण आजही उपयोगाचे आहे. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेत ‘ॲ’ला अधिकृत स्थान मिळाले, त्याआधी एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत त्याला ०९७२ हा स्वतंत्र संकेतांक मिळाला होता. त्याच्या आधी तयार झालेल्या कीबोर्ड मांडण्यांत या अक्षराची कळ असणे शक्यच नव्हते. त्यामुळे कोणी ‘अ’ला चंद्र जोडतो, कोणी हिंदीतील ‘ऍ’ वापरतो आणि कोणी खरा ‘ॲ’ लिहितो. डोळ्यांना पहिल्या आणि तिसऱ्यात फरक दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे आहेत, म्हणून वकिलांच्या यादीत ‘ॲड.’ शोधायला गेले की निम्मी नावे सापडत नाहीत. विंडोजमध्ये ‘एनेबलहेक्सनमपॅड’ नावाची एक दडलेली नोंद आहे. वापरकर्त्याच्या विभागातील कंट्रोल पॅनल या खात्यात, इनपुट मेथड या पोटखात्यात, ती मजकूर प्रकारची नोंद तयार करून तिचे मूल्य १ ठेवले आणि पुन्हा साइन इन केले, की ऑल्ट दाबून ठेवून अंकपट्टीवरचे अधिक चिन्ह आणि त्यानंतर ०९७२ हे अंक दाबता येतात. ऑल्ट सोडले की ‘ॲ’ उमटतो. वेगळा फाँट नको, वेगळा प्रोग्रॅम नको. ही नोंद मुळात अस्तित्वातच नसते, म्हणून पूर्ववत करायचे असेल तर ती पुसून टाकायची. पहिली चार वाक्ये सूचनेची आणि पाचवे परतीचे. लेखाकडून माझी अपेक्षा एवढीच होती.

सुरक्षिततेच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. मे २००० मध्ये जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ हा उपद्रवी प्रोग्रॅम टीएक्सटी.व्हीबीएस अशा दुहेरी नावाने ईमेलमधून येई. विंडोज शेवटचे उपनाम, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी टिंबापुढची अक्षरे, दडवत असल्यामुळे लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटे. उपनामे दाखवण्याची सेटिंग फोल्डर ऑप्शन्समध्ये आहे, तरीही पुढच्याच महिन्यात आलेल्या ‘लाइफ स्टेजेस’ने तिलाही बगल दिली, कारण त्याने वापरलेल्या एसएचएस प्रकारच्या फायलींसाठी रजिस्ट्रीत ‘नेव्हरशोएक्स्ट’ अशी वेगळी नोंद होती, जी सेटिंग काहीही असली तरी उपनाम लपवी. पेनड्राइव्ह लावताच त्यातील प्रोग्रॅम आपोआप चालण्याच्या सोयीचा फायदा २००८ च्या अखेरीस कॉनफिकर या उपद्रवी प्रोग्रॅमने घेतला. पेनड्राइव्हवरची ती सोय कंपनीने जुन्या विंडोजवर सरसकट बंद करायला फेब्रुवारी २०११ उजाडले. रजिस्ट्रीतील एका नोंदीने ती बंद करून घेतलेले माझे ग्राहक त्या दोन वर्षांत निर्धास्त होते. तेव्हा ज्याला ही दारे माहीत आहेत त्याने ती उघडूच नयेत, असा सल्ला मी देणार नाही.

आता माझ्या दुकानातला प्रसंग. जून महिन्यात, पीककर्ज आणि कॉलेजप्रवेश अशा दोन्ही हंगामांच्या ऐन गर्दीत, जवळच्या गावात ई-सेवा केंद्र चालवणारा एक तरुण आपला संगणक मोटारसायकलवर मागे बांधून घेऊन आला. दोन दिवसांपासून छपाई बंद होती. त्याने केबल बदलली, शेजाऱ्याचा प्रिंटर आणून लावून पाहिला, ड्रायव्हर तीनदा बसवला. कोणीतरी विंडोज नव्याने टाकायला सांगितले होते, पण डिजिटल स्वाक्षरीची सगळी जुळवाजुळव पुन्हा करावी लागेल म्हणून तो तयार नव्हता. तिकडे दाखले आणि सातबारे घ्यायला आलेली माणसे परत जात होती. मी पाहिले तर प्रिंट स्पूलर ही सेवा, म्हणजे छपाईची कामे रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणारा पडद्यामागचा प्रोग्रॅम, बंद करून ठेवलेली होती. रजिस्ट्रीत प्रत्येक सेवेच्या खात्यात ‘स्टार्ट’ नावाची नोंद असते. २ म्हणजे आपोआप सुरू, ३ म्हणजे गरजेनुसार, ४ म्हणजे बंद. स्पूलरसमोर ४ होते. ते २ केले, संगणक पुन्हा सुरू केला आणि छपाई सुरू झाली. बोलता बोलता कळले की काही दिवसांपूर्वी त्याने संगणक वेगवान करणारा एक मोफत प्रोग्रॅम चालवला होता आणि त्याने ‘अनावश्यक’ सेवा बंद केल्याचे मोठ्या अभिमानाने सांगितले होते. त्या दिवशी वीज नसल्यामुळे छपाईचे काम त्याने दुसरीकडून करून घेतले, पुढे काही दिवस केंद्र बंद होते, आणि कारण व परिणाम यांचा धागा तेथेच तुटला.

याहून वाईट भाग पुढचा आहे. त्या प्रोग्रॅमने आणखी कोणत्या सेवा बंद केल्या, हे पाहण्यासाठी मी तो उघडला. आकडा होता, अकरा, यादी नव्हती. ‘पूर्ववत करा’ असे बटण होते आणि ते दाबल्यावर पैसे भरून पूर्ण आवृत्ती घेण्याची विनंती येत होती. शेवटी मी दुकानातला त्याच आवृत्तीचा दुसरा संगणक शेजारी ठेवला, दोन्हींवरच्या सेवांच्या याद्या कागदावर उतरवल्या आणि एकेक ओळ ताडून पाहिली. स्पूलर अर्ध्या तासात सापडला होता, उरलेल्या दहांना संध्याकाळ झाली.

येथे कोणी विचारील की स्पूलर बंद करणे ही मुळातच मूर्खपणाची सूचना आहे का. तसेही नाही. जुलै २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेला दोष उघडकीस आला तेव्हा, दुरुस्ती हाती येईपर्यंतचा एक उपाय म्हणून, हीच सेवा बंद ठेवण्याचा सल्ला खुद्द मायक्रोसॉफ्टने दिला होता. ज्या सर्व्हरवरून कधीच छपाई होत नाही तेथे ती बंद असणेच शहाणपणाचे आहे. ई-सेवा केंद्रात तिच्यावर पोट अवलंबून आहे. एकच नोंद, एकच मूल्य, आणि ते कोठे योग्य आहे हे त्या संगणकासमोर कोण बसतो यावर ठरते. ‘अनावश्यक’ हा शिक्का दूर कोठेतरी बसलेल्या प्रोग्रॅमकाराने मारणे म्हणजे तलाठ्याने गाव न पाहता पीकपाहणी लिहिण्यासारखे आहे.

लेखातील सातही सूचनांचा समाचार घेण्याची ही जागा नव्हे, परंतु दोन-तीन इतक्या जुन्या आणि इतक्या चुकीच्या आहेत की त्यांवर लिहिणे भाग आहे. विंडोज इंटरनेटच्या गतीतला २० टक्के वाटा स्वतःसाठी राखून ठेवते आणि एक सेटिंग बदलून तो सोडवता येतो, ही कथा विंडोज एक्सपीपासून फिरत आहे. तो वाटा राखीव होतो तो एखाद्या प्रोग्रॅमने तशी खास मागणी केली तरच, आणि मागणी करणारा प्रोग्रॅम प्रत्यक्ष काही पाठवत नसेल तेव्हा तोही इतरांना मोकळाच असतो, हे मायक्रोसॉफ्टने त्याच काळात लेखी स्पष्ट केले होते. ‘प्रीफेच’ फोल्डर रिकामा केला की संगणक वेगाने सुरू होतो, ही दुसरी कथा. त्या फोल्डरमध्ये कोणता प्रोग्रॅम उघडताना कोणत्या फायली लागतात याच्या नोंदी असतात, त्या पुसल्या की पुढच्या वेळी विंडोजला सगळे नव्याने शिकावे लागते आणि प्रोग्रॅम उलट उशिरा उघडतात. जुन्या नोंदींची छाटणी विंडोज स्वतः करते.

तिसरी सूचना रजिस्ट्री ‘स्वच्छ’ करणाऱ्या प्रोग्रॅमांची. सेटिंग बदलून देणारा प्रोग्रॅम आणि रजिस्ट्री झाडून काढणारा प्रोग्रॅम यांना लेखात एकाच पंगतीत बसवले आहे, आणि माझ्या मते ही त्यातली सर्वांत मोठी चूक आहे. पहिल्या प्रकारात काय बदलायचे ते आपण ठरवतो, दुसऱ्यात तो प्रोग्रॅम अंदाजाने ठरवतो. रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात आणि विंडोज त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही, हवी ती नोंद तिच्या पत्त्यावरून थेट गाठते. त्यातल्या पाचसातशे मृत नोंदी काढल्याने गतीत जाणवण्याजोगा फरक पडण्याचे कारण नाही. अशा प्रोग्रॅमांना आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टचे जाहीर धोरण आहे. शिवाय प्रोग्रॅम स्वतः प्रामाणिक असला तरी त्याला दिलेले सर्वाधिकार चुकीच्या हाती जाऊ शकतात. सीक्लीनर या साफसफाईच्या प्रोग्रॅमच्या ५.३३ या आवृत्तीत कोणीतरी आधीच घातक भाग मिसळला होता आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवरून तीच आवृत्ती सुमारे २२.७ लाख संगणकांवर पोहोचली होती, हे सप्टेंबर २०१७ मध्ये उघड झाले.

परतीचा मार्ग कोणता, यावर लेखात ‘आधी बॅकअप घ्या’ एवढी तीन शब्दांची सूचना होती. ती पुरेशी नाही. रजिस्ट्री एडिटरमधून एखादे खाते फाइलमध्ये उतरवून ठेवले आणि नंतर ती फाइल पुन्हा आत घेतली, तर बदललेल्या नोंदी जुन्या मूल्यांवर येतात, परंतु मधल्या काळात नव्याने तयार झालेल्या नोंदी तशाच राहतात. त्या वेगळ्या पुसाव्या लागतात. संगणक आधीच्या एखाद्या दिवसाच्या स्थितीत नेणाऱ्या सिस्टिम रिस्टोअरचा मार्ग त्याहून भरवशाचा आहे, पण विंडोज १० च्या अनेक संगणकांवर तो मुळात बंदच असतो, तेव्हा तो सुरू आहे की नाही हे आधी पाहावे लागते. पूर्वी विंडोज रजिस्ट्रीची एक प्रत ‘रेगबॅक’ नावाच्या फोल्डरमध्ये अधूनमधून आपणहून ठेवत असे. डिस्कवरची जागा वाचवण्यासाठी विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ती बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू करता येते आणि त्यासाठी काय करावे लागते हे ऐकून माझा एक ग्राहक पोट धरून हसला होता: रजिस्ट्रीतच ‘एनेबलपीरिऑडिकबॅकअप’ नावाची एक दडलेली नोंद तयार करून तिला १ हे मूल्य द्यावे लागते.

परतीची ही सोय इतरांनी अधिक नेटकेपणाने केली आहे, म्हणून ती अशक्य आहे असे म्हणता येत नाही. लिनक्सवरील ग्नोम या मांडणीत डीकॉन्फ एडिटर नावाचे साधन आहे. त्यात प्रत्येक दडलेल्या सेटिंगसमोर ती कशासाठी आहे याचे एक-दोन वाक्यांत वर्णन असते, तिचे मूळ मूल्य दिसते आणि मूळ मूल्यावर परत जाण्याची खूणही तेथेच असते. मॅकसाठी मार्सेल ब्रेसिंक यांचे टिंकरटूल अनेक वर्षांपासून मोफत मिळते आणि केलेले सगळे बदल मागे घेण्याचे स्वतंत्र पान त्यात आहे. फार कशाला, घरोघरी असलेल्या फायरफॉक्स ब्राउझरच्या दडलेल्या सेटिंग्जच्या पानावर बदललेली प्रत्येक ओळ ठळक अक्षरांत दिसते. विंडोजवर विनएरो ट्वीकरमध्ये प्रत्येक पानावर ते मूळ स्थितीत नेण्याची सोय आहे आणि अल्टिमेट विंडोज ट्वीकर बदल करण्यापूर्वी रिस्टोअर पॉइंट तयार करून देतो. एखादा प्रोग्रॅम नेमक्या कोणत्या नोंदींना हात लावतो हे ज्याला स्वतः पाहायचे असेल त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातील प्रोसेस मॉनिटर आहे. तो आधी सुरू करावा, मग ट्वीकरमधली एक खूण करावी आणि रजिस्ट्रीत काय लिहिले गेले ते वाचावे. सुरुवातीला ओळींचा पूर येतो, पण त्या ट्वीकरपुरती गाळणी लावली की चार-सहा ओळी उरतात. मी नवे साधन ग्राहकाच्या संगणकावर नेण्याआधी दुकानात ही तपासणी करतो.

बदल करून देणारे साधन कितीही चांगले असले तरी दडलेल्या नोंदीला हमी नसते, हेही वाचकांना सांगायला हवे होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आली तेव्हा टास्कबार पडद्याच्या वरच्या कडेला नेण्याची सोय सेटिंग्जमधून गेलेली होती. रजिस्ट्रीतील एक नोंद बदलून तो वर नेता येत असे आणि अनेकांनी तसे केले. २०२२ च्या मोठ्या सुधारणेनंतर ती नोंद निरुपयोगी झाली. आपल्या लेखातील सहावी सूचना नेमकी हीच आहे. ती करून पाहणाऱ्या वाचकाच्या पदरी काहीच पडणार नाही, फक्त त्याच्या रजिस्ट्रीत एक बदललेली, निरर्थक आणि कोठेही न नोंदवलेली ओळ राहील.

यासाठी आपणास एक विनंती आहे. ही लेखमाला बंद करू नये. मराठीत या विषयावर लिहिणारे थोडे आहेत. मात्र यापुढे अशी कोणतीही सूचना छापताना तिच्याबरोबर तीन गोष्टी अवश्य छापाव्यात: नोंदीचा पूर्ण पत्ता, तिचे मूळ मूल्य, आणि ती मुळात नसेल तर ‘परत जाताना पुसून टाकावी’ हे शब्द. विंडोजच्या कोणत्या आवृत्तीवर ती सूचना करून पाहिली तेही लिहावे. एवढ्याने लेखाच्या दोन-चार ओळी वाढतील. वाचकांनीही आपापल्या संगणकाजवळ एक वही ठेवून तारीख, नोंद, आधीचे मूल्य आणि नंतरचे मूल्य असे चार रकाने आखावेत. माझ्या दुकानात अशा वहीचा आता सातवा भाग चालू आहे.

दरम्यान, लेखातील पहिली सूचना ज्यांनी अमलात आणून मेन्यूचा विलंब शून्य केला असेल, त्यांना आता माऊस जरा तिरका गेला की भलतेच उपमेन्यू उघडत असल्याचा त्रास होत असेल. हात थरथरणाऱ्या वडीलधाऱ्यांना तो अधिक होतो, कारण तो विलंब हात योग्य ओळीवर पोहोचेपर्यंत थांबण्यासाठीच ठेवलेला आहे. माझ्या त्या दुसऱ्या ग्राहकाची तक्रारही हीच होती. अशा वाचकांनी रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी करंट यूजर, त्यात कंट्रोल पॅनल, त्यात डेस्कटॉप येथे जाऊन ‘मेन्यूशोडिले’ या नोंदीत ४०० हा आकडा लिहावा आणि एकदा साइन आउट करून पुन्हा साइन इन करावे.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक,
मिरज